आजार दाताला, वाट नाकाची

दिवाळी अंकाची वेळ आली की आमच्या संपादकांचा एकच आग्रह असतो : "डॉक्टर, सणासुदीचे दिवस आहेत, रोगराईचे काही लिहू नका." आणि दर वर्षी वाचकांची पत्रे मला नेमके तेच लिहायला लावतात. सण म्हणून आजार काही पंचांग पाहून येत नाहीत. शिवाय चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू घरोघर दातांखाली येत असताना दातांविषयी बोलायचे नाही, तर कधी बोलायचे?

यंदा आलेल्या पत्रांपैकी एक मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. एका वडिलांनी लिहिले आहे : "माझी मुलगी बारावीत आहे. गेले वर्षभर तिचा उजवा गाल नाकाशेजारी जरा भरल्यासारखा दिसत होता. दुखणे नाही, ताप नाही. आम्हांला वाटले, अंग भरते आहे. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तेव्हा वरच्या जबड्यात लहान लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली. तिच्यात एक आख्खा सुळा अडकून बसला आहे म्हणतात. आता नाक-कान-घशाचे डॉक्टर सांगतात, की नाकातून दुर्बीण घालून ती गाठ काढू. डॉक्टरसाहेब, आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तर हा प्रकार नाही ना? माझी आई दिवसभर एकच विचारते, पोरीच्या तोंडावर व्रण राहील का? आणि मी रात्री जागून जे विचारतो, ते घरात कोणापाशी बोलत नाही. ही गाठ 'तसली' तर नसेल?"

तीन प्रश्न आहेत. पहिला बापाच्या व्यवहारी बुद्धीचा, दुसरा आजीच्या मायेचा आणि तिसरा बापाच्या काळजाचा. तिन्हींची उत्तरे क्रमाने देतो, कारण असे प्रश्न एका घरापुरते नसतात.

आधी थोडा भूगोल. वरचा जबडा म्हणजे भरीव हाड, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन्ही गालांच्या आत हाडात एकेक पोकळी आहे. तिलाच सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचाभर, पाणी मावेल. जुन्या दुमजली चाळीसारखी ही रचना समजा. खालचा मजला तोंडाचा, वरचा सायनसचा आणि दोन्ही मजल्यांच्या कडेने गेलेला बोळ म्हणजे नाक. वरच्या दाढांची मुळे या वरच्या मजल्याच्या फरशीला टेकलेली असतात. काहींची तर फरशीतून किंचित वर डोकावतात. मध्ये हाडाचा पापुद्रा असतो, तोही कित्येकदा कागदासारखा पातळ.

ही पोकळी लिओनार्दो दा व्हिंची याने १४८९ सालीच रेखाटली होती. पण वैद्यकात तिला नाव मिळाले ते नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टराचे. त्याच्या १६५१ च्या ग्रंथात एक हकिकत आहे. एका बाईचा वरचा दात उपटला आणि त्या जागेतून पाणी झिरपू लागले. बाईने उत्सुकतेपोटी त्या भोकात पिसाची काडी घातली. काडी आत जाता जाता जवळजवळ सगळीच गेली. बाई घाबरली, तिला वाटले, काडी मेंदूत पोचली! हायमोरने तिला समजावले, की बाई, ती मेंदूत नाही, गालाच्या हाडातल्या पोकळीत गेली आहे आणि अशी पोकळी प्रत्येकाला असते. दात आणि सायनस यांचे शेजारपण हे असे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांना ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या घरी पाणी तुंबले की आपली भिंत ओली होणारच.

आता गाठ होते कशी, ते पाहू. वरच्या जबड्यात पाण्याच्या गाठी मुख्यतः दोन कारणांनी होतात. सर्वांत जास्त आढळते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी. दात किडून किंवा लहानपणी पडून त्याच्या आतली शीर मरते. दात जागेवरच राहतो, फार तर काळसर दिसतो. पण मुळाच्या टोकाशी जंतूंची धग कायम राहते. दात तयार होताना मागे राहिलेल्या काही पेशी तिथे झोपलेल्या असतात. मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली त्यांचे वर्णन केले. त्या या धगीने जाग्या होऊन वाढू लागतात आणि त्यांची एक पिशवी बनते. दुसऱ्या प्रकारची गाठ हाडातच अडकून राहिलेल्या दाताच्या माथ्याभोवती धरते. अक्कलदाढ आणि वरचा सुळा यांच्या बाबतीत हे विशेषकरून घडते. पत्रातल्या मुलीची गाठ या दुसऱ्या जातीची दिसते.

पिशवी एकदा बनली की ती फुगत जाते. मनुका रात्रभर पाण्यात टाकली तर सकाळी टम्म होते ना, तसेच हे. पिशवीच्या आतला द्रव दाट, बाहेरचा पातळ. म्हणून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. दाबाने भोवतालचे हाड हळूहळू मागे सरते. खालच्या जबड्यात गाठीला सगळीकडे हाडच भेटते. वरच्या जबड्यात मात्र डोक्यावर सायनसची मोकळी खोली मिळते. मग काय, भाडेकरू वरच्या मजल्यावर पसरतो आणि घरमालकाला पत्ता नसतो! दुखणे नसते, म्हणून संशय नसतो. कधी तर अडकलेला दातच ढकलला जाऊन पार डोळ्याच्या खोबणीखाली जाऊन बसतो. गाल भरलेला दिसू लागेपर्यंत आतली बरीचशी जागा गाठीने व्यापलेली असते.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआपच मिळाले. गाठ दाताची असली, तरी ती आता राहायला सायनसमध्ये आहे. आणि सायनसचे दार नाकात उघडते. ज्या खोलीत चोर शिरला, त्या खोलीला आयते दार असताना शेजारची भिंत कशाला फोडायची? नाकाची वाट हा द्राविडी प्राणायाम वाटतो खरा, पण अशा गाठीसाठी तीच सरळ वाट ठरते.

मात्र हे सुचायला आणि साधायला शंभर वर्षे गेली. मी शिकत होतो तेव्हा, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, आमच्यापाशी एकच राजमार्ग होता. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि पॅरिसच्या ल्यूक यांनी १८९७ साली तो स्वतंत्रपणे सांगितला, म्हणून त्याला दोघांची नावे. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर आतून छेद घ्यायचा, गालाच्या हाडाची पुढची भिंत छिन्नीने फोडायची आणि त्या भगदाडातून काम करायचे. कपाळावर आरसा बांधून, शेजारच्या दिव्याचा कवडसा आत पाडत आमचे सर काम करीत आणि आम्ही विद्यार्थी ओठ ओढून धरीत उभे. त्या शस्त्रक्रियेने असंख्य रोगी बरे केले. तिची निंदा मी करणार नाही. पण किंमत मोजावी लागे. गाल आठवडाभर सुजायचा. डोळ्याखालून येणारी स्पर्शाची नस ताणली किंवा दुखावली गेली, की गाल, ओठ आणि वरचे दात बधिर राहत. काहींचे महिनोन् महिने, काहींचे कायमचे.

आणि एक हिशेब तर फार उशिरा चुकता व्हायचा. सायनसचे अस्तर खरवडून काढले, की त्याचे एखाददुसरे चिरगुट व्रणात अडकून राही आणि वर्षानुवर्षांनी त्याचीच नवी गाठ होई. जपानमध्ये कुबो यांनी १९२७ साली अशा गाठीचे वर्णन केले. तिथे सायनसची ही जुनी शस्त्रक्रिया फार झाली, त्यामुळे अशा गाठीही पुष्कळ आढळल्या, त्याही बहुधा दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. रोग गेला, तरी उपायाने आपला वारस मागे ठेवला!

अशी एक बाई माझ्याकडे आली होती. शाळेत मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेली. विशी-बाविशीत तिची ही ओठाखालची शस्त्रक्रिया झाली होती. तीस वर्षांनी तोच गाल पुन्हा फुगला. स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसली. मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा ओठ उचलायचा असेल, तर मी आल्या पावली परत जाते. त्या वेळचा अर्धा ओठ मला अजून परका वाटतो. वर्गात 'प' आणि 'ब' म्हणताना मी तीस वर्षे मनात सावध राहिले आहे." मी म्हटले, "ओठाला हातही लावायचा नाही." तिच्या गाठीची भिंत नाकाला लागूनच होती. नाकातून दुर्बीण घालून तिथे एक रुंद खिडकी पाडली; आतला दाट, तपकिरी द्रव शोषून घेतला; अस्तराचा एक तुकडा तपासायला पाठवला. गाठ उपटली नाही. तिचे दार कायमचे उघडे ठेवले, म्हणजे पुन्हा पाणी साठायला जागाच नाही. संध्याकाळी बाई पलंगावर बसून चहा पीत होती. बशीवर बशी ठेवावी इतक्या हलक्या हाताने तिने आधी गाल चाचपला, मग ओठ. "एवढेच?" असे विचारून तिने मुलाला दुसऱ्या दिवसाच्या रिक्षाची चौकशी करायला सांगितले.

हे 'दार उघडे ठेवण्याचे' तत्त्व नवे नाही. ब्रेस्लाउच्या पार्त्श यांनी १८९२ मध्येच ते जबड्यांच्या गाठींसाठी सांगितले होते. ते गाठ तोंडात उघडी करीत. फरक एवढाच, की आता दार तोंडाऐवजी सायनसात किंवा नाकात काढतात, म्हणजे त्यात अन्नाचे कण अडकण्याची कटकट उरत नाही.

मग शंभर वर्षे कशाला लागली? दिसत नव्हते म्हणून! विसाव्या शतकाच्या आरंभी हिर्शमान या जर्मन डॉक्टराने मूत्राशय पाहण्याच्या नळीत फेरफार करून ती नाकात आणि सायनसात घातली. पण चित्र अंधूक आणि दिवा तापट. खरा उजेड पडला तो हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज पदार्थवैज्ञानिकामुळे. जुन्या दुर्बिणीत लांबलचक हवेच्या नळीत छोटी छोटी भिंगे बसवलेली असत. हॉपकिन्सने १९५९ च्या सुमारास उलटा विचार केला. नळी काचेच्या कांड्यांनी भरली आणि भिंगांचे काम मधल्या हवेच्या फटींवर सोपवले. तेवढ्याच जाडीत कितीतरी जास्त प्रकाश आणि लख्ख चित्र मिळाले. काचेच्या केसाएवढ्या तंतूंतून चित्र नेता येते, हे याच हॉपकिन्सने १९५४ साली एका तरुण भारतीय सहकाऱ्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात मांडले होते. तो सहकारी म्हणजे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. काचतंतूंमुळे दिवा बाहेर ठेवून फक्त थंड प्रकाश आत नेण्याची सोय झाली.

या दुर्बिणीने नाकात पाहता पाहता ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मेसरक्लिंगर यांना एक मोठी मौज दिसली. सायनसचे नैसर्गिक भोक तळाशी नसून जवळजवळ छतापाशी आहे. मोरीचे भोक छताला असलेले न्हाणीघर कोणी पाहिले आहे का? तरीही निरोगी सायनस तुंबत नाही. कारण अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबडाचा पातळ थर सतत वर झाडत त्या भोकापाशी नेतात. खाली दुसरे भोक पाडले, तरी ते त्याला वळसा घालून जुन्याच दाराने बाहेर पडतात! निसर्गाची झाडलोट आपल्या सोयीने चालत नाही, तिच्या सोयीने आपण चालायचे. मेसरक्लिंगर यांचे नाकाच्या दुर्बीण-तपासणीवरचे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यांचे शिष्य श्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८५ पासून ही शस्त्रक्रिया जगभर नेली. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांत ती रोज होते.

आता पत्रातल्या मुलीचे काय करतील, ते सांगतो. पूर्ण भूल देतात. नाकातले अस्तर आकसावे म्हणून औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. चित्र समोरच्या पडद्यावर उमटते. एक दुर्बीण सरळ पाहते, एक ३० अंशांत, एक ७० अंशांत वळून पाहते. म्हणजे कोपऱ्यापलीकडचेही दिसते. सायनसचे नैसर्गिक भोक रुंद करतात, गाठीची भिंत उघडतात, पाणी शोषतात, अडकलेला सुळा मोकळा करून त्याच खिडकीतून नाकावाटे बाहेर काढतात आणि गाठीचे अस्तर काढता येईल तेवढे काढतात. हात पोचत नसेल, तर नाकात खालच्या बाजूला आणखी एक खिडकी करतात, नाहीतर तोंडातून छोटासा छेद घेऊन दोन्ही वाटांनी काम करतात. गाठीचा दाब सुटला, की मागे सरलेले हाड काही महिन्यांत आपणहून भरून येऊ लागते.

आजीबाईंना सांगा, चेहऱ्यावर व्रण राहणार नाही. खरे तर जुन्या शस्त्रक्रियेतही छेद ओठाच्या आत असल्यामुळे बाहेर तो दिसत नसे. नव्या वाटेचा लाभ कातडीवर नाही, आत आहे. गालाचे हाड शाबूत राहते, स्पर्शाच्या नसेला धक्का कमी बसतो, सूज थोडी येते आणि मुलगी लवकर उठून बसते.

आता तिसरा प्रश्न. तुम्ही घरात बोलत नाही, म्हणून मी इथे मोठ्याने बोलतो. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि गाठीच्या भिंतीतून कर्करोग उद्भवणे ही फार विरळा गोष्ट आहे. पण 'बहुतेक' या शब्दावर कोणी शहाणा डॉक्टर झोपत नाही. फोटोत पाण्याच्या गाठीसारखी दिसणारी वस्तू कधी भरीव अर्बुद निघते. एका जातीच्या गाठीत अस्तरातून केराटिन नावाचा पांढरा चोथा सुटतो. ती गाठ वरवर काढली, तर पुन्हा पुन्हा उगवते. तिला नुसते दार उघडून चालत नाही, अधिक कसून काढावे लागते आणि नंतर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला अर्बुदांच्या यादीत बसवले आणि २०१७ साली पुन्हा गाठींत आणले, यावरून तिचा स्वभाव ध्यानात येईल. म्हणून गाठीचा तुकडा तपासायला गेलाच पाहिजे आणि त्याचा कागद हातात आलाच पाहिजे. वाट नाकाची असो की तोंडाची, हा कागद आल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नका.

हेही ऐका, की छोटी वाट म्हणजे बिनधोक वाट नव्हे. सायनसच्या छतावर डोळा आहे, पुढच्या कोपऱ्यात अश्रूंची नळी आहे. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित डोळ्याला पाणी येत राहते, खिडकी आकसून गाठ पुन्हा धरते. पुढच्या दातांपाशी असलेली आणि सायनसपासून दूर राहिलेली लहान गाठ तोंडातूनच काढणे सोपे. आणि गाठ मेलेल्या दाताची असेल, तर त्या दाताचे रूट कॅनाल किंवा तो काढणे, हेही व्हायलाच हवे. नाहीतर गळती नळाला आणि आपण फरशी पुसत बसायचे, असे होईल. म्हणून दातांचे डॉक्टर आणि नाकाचे डॉक्टर या दोघांचे बोलणे झाले आहे ना, हे विचारा. स्कॅन पाहिला का, गाठ कोणत्या जातीची वाटते, सगळी पोचात आहे का आणि नाही पोचली तर पुढचा बेत काय, हे चार प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा दोनेक आठवडे, नाक जोराने शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतील. आपल्याकडच्या जलनेतीचीच ती धाकटी बहीण. पाणी मात्र उकळून गार केलेलेच घ्या. आतल्या खपल्या काढायला दोन-तीनदा बोलावतील, तेव्हा कंटाळू नका. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने फोटो काढायला सांगतील, तोही टाळू नका.

या गाठीचा खरा कावा असा, की ती दुखत नाही. आपण मध्यमवर्गीय माणसे दुखल्याशिवाय डॉक्टरची पायरी चढत नाही. म्हणून न दुखणाऱ्या काही खुणा लिहून ठेवा. लहानपणी पडून मार लागलेला दात पुढे काळसर पडणे. नाकाच्या एकाच बाजूने वरचेवर घाण वासाचे पाणी येणे, कारण एका बाजूचा सायनसचा त्रास पुष्कळदा दातापासून येतो. हिरडीच्या वर हळूहळू वाढणारा फुगवटा. आणि तेरा-चौदा वर्षांचे झाले तरी मुलाचा दुधाचा सुळा जागेवरच असणे. सुटीत मुले घरी आहेत. एकेकाला सकाळच्या उजेडात खिडकीशी उभे करा, 'आ' करायला सांगा आणि वरचे दोन्ही पक्के सुळे आले आहेत की नाहीत, ते मोजून पाहा.